कोरी वावडी

पद्मजा मगदूम अफवा लिहायची. ऐकणाऱ्याला गंमत वाटेल, पण होती आपली साधी नोकरी. पुण्यात बाणेरला सातव्या मजल्यावर 'कानोसा' नावाच्या कंपनीत तिचं टेबल होतं, टेबलावर कप होता आणि कपात बहुतेक वेळा गार झालेला चहा. सकाळी यायचं, अफवा लिहायची, साहेबांना दाखवायची, नेटवर सोडून द्यायची. अफवा हा शब्द मात्र तिथं कुणी उच्चारत नसे. वावडी म्हणायचे. कुठली चढली, कुठली पडली, असली भाषा. पहिल्या वर्षी तिला याचं हसू यायचं. आता कशाचंच यायचं नाही. लग्नकार्यात कुणी विचारलंच, काय करतेस गं पुण्यात, तर ती "मार्केट रिसर्च" म्हणून मोकळी व्हायची आणि जेवायच्या पंगतीकडे वळायची.

या धंद्याची गरज कुणाला होती म्हणाल, तर व्हिडिओ गेम काढणाऱ्यांना. एक मोठा गेम बनायला चार-पाच वर्षं जातात, शेकडो माणसं राबतात आणि शेवटी लोक नाक मुरडतात. पूर्वी या कंपन्या लोकांनाच विचारायच्या, तुम्हाला काय आवडेल? लोक बेधडक खोटं सांगायचे. मुद्दाम नव्हे हो, माणसाला स्वतःचंच कुठं ठाऊक असतं! मग मनगटावरच्या पट्ट्या आल्या. आधी पावलं मोजायला आणि झोप मोजायला म्हणून लोकांनी हौसेनं बांधल्या, अटी न वाचता 'मान्य' म्हटलं, आणि नंतर त्या काढायच्या राहूनच गेल्या. पट्टीला नाडी कळते, कातडीवरचा ओलावा कळतो. एखादी बातमी डोळ्यांपुढं आली की विचार सुरू व्हायच्या आत शरीर उत्तर देऊन बसतं. नाडी जराशी अडखळते, मग उडी मारते, तळहाताला बारीक घाम येतो. ही उडी मोजायचं गणित कुणीतरी बसवलं आणि लोकांना प्रश्न विचारायचं कामच संपलं. बातमी सोडायची आणि मनगटं बघायची.

त्यात मेंदूची एक खोड या लोकांच्या हाताला लागली होती. हवी ती वस्तू मिळाल्यावर मेंदूत जी लहर उठते, तिच्यापेक्षा ती मिळणार अशी चाहूल लागल्यावर मोठी उठते. आणि सगळ्यात मोठी उठते ती, मिळेल की नाही हे निम्मंनिम्मं असताना. पक्की बातमी दिली तर माणूस "बरं" म्हणून कामाला लागतो. अर्धवट दिली तर दिवसभर तळमळतो. म्हणून वावडी अर्धवट असायची आणि तिच्यात एकच खरा दाणा असायचा, तोंडात टाकल्यावर लागेल असा. तो दाणा निवडण्यात पद्मजाचा हात धरणारं ऑफिसात कुणी नव्हतं.

'बुडीत' नावाचा एक गेम दहाएक वर्षांपूर्वी जगभर गाजला होता. धरणाखाली गेलेलं गाव, आणि त्या गावात पाण्याखाली फिरून आपल्या माणसांच्या खुणा शोधायच्या. त्याचा दुसरा भाग येणार येणार म्हणून लोक थकले होते. ज्या स्टुडिओनं पहिला भाग केला तो केव्हाच फुटला. आता दुसरा भाग कुठल्या स्टुडिओकडे जाणार, याच्या गप्पांना नुसता ऊत आला होता, आणि 'बुडीत'चे हक्क जिच्याकडे होते त्या मालक कंपनीला तेच हवं होतं. चार बड्या स्टुडिओंची नावं त्यांनी 'कानोसा'कडे पाठवली. ज्या नावानं मनगटं जास्त उडतील, त्याला काम.

"आणि पाचवी कोरी," साहेब म्हणाले. निनाद देवस्थळी हे त्या साहेबांचं नाव. वयानं पद्मजापेक्षा थोडे मोठे, डोळ्यांखाली कायमचा काळेपणा. "यंत्रानं चिठ्ठी उचलल्यासारखं नाव काढलंय. जयसिंगपूरचं कुठलंसं 'पाणवठा'. तुमच्याच भागातलं आहे ना हो, मगदूम मॅडम? मग तुम्हीच लिहा."

कोरी वावडी म्हणजे काय, तर औषधाच्या चाचणीत काही जणांना नुसती साखरेची गोळी देतात ना, ती. ज्या स्टुडिओला काम मिळायची सुतराम शक्यता नाही, त्याचंही नाव उडवायचं. त्या नावाला जी उडी येईल ती नुसत्या बातमीची उडी, लिहिणाऱ्याच्या हातोटीची उडी. ती बाकीच्या चौघांतून वजा करायची, म्हणजे खरा आकडा उरतो.

'पाणवठा' हा स्टुडिओ सन्मती मगदूमचा होता. सन्मती म्हणजे पद्मजाचा धाकटा भाऊ. नात्यातलं नाव आलं तर साहेबांना सांगायचं, असा ऑफिसात नियम होता. पद्मजानं तोंड उघडलं, "बरं सर" म्हटलं आणि टेबलावर येऊन बसली.

का नाही सांगितलं? तर तिला वाटलं, कुणी सांगावं, चढलीच तर! कोरी वावडी वजा होते हे तिला पाठ होतं. तिनंच नव्या मुलींना ते शिकवलं होतं. पण भावाचं नाव पुढ्यात आलं की माणसाचं शिकलेलं सगळं बाजूला पडतं. शिवाय ती दमली होती. आठ वर्षं परक्यांची नावं फुगवून दमली होती, आणि एकदा आपल्या माणसाविषयी लिहायला मिळतंय म्हटल्यावर तिला राहवलं नाही.

तिनं जीव ओतून लिहिलं. "आतल्या गोटातून कळतंय की 'बुडीत'चा दुसरा भाग जयसिंगपूरच्या 'पाणवठा'कडे जातोय. आठवतंय ना ते विहिरीचं पाणी? ते ज्याच्या हातचं होतं, त्याचं नाव पहिल्या भागात कुठंच नव्हतं. या वेळी असेल."

यातला खरा दाणा म्हणजे ते पाणी. 'बुडीत'मध्ये एक विहीर आहे. तिच्यात वाकून बघितलं की पाणी आधी थरथरतं आणि मग आपलं तोंड दिसतं, पण लहानपणचं. जगभरच्या खेळणाऱ्यांनी त्या विहिरीपाशी थांबून डोळे पुसले होते. ते पाणी सन्मतीनं केलं होतं, कॉलेजातून नुकताच बाहेर पडला होता तेव्हा. ते काम एका कंपनीनं दुसरीला दिलेलं, दुसरीनं तिसरीला, तिसरीनं याला. त्यासाठी तो मामाच्या मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसून खडे टाकायचा आणि बघत राहायचा, जेवायला हाक मारली तरी उठायचा नाही. कुणाला सांगणार नाही असं त्याच्याकडून लिहून घेतलेलं. गेमच्या शेवटी नावं सरकत गेली तेव्हा कॅन्टीनवाल्याचं नाव आलं, याचं आलं नाही. आई, पद्मजा आणि पुढं लग्न झाल्यावर त्रिशला, एवढ्यांनाच ते ठाऊक होतं. आई आता नव्हती.

वावडी सुटली आणि चांगलीच चढली. पद्मजा दिवसभर पडद्याकडे चोरून बघत राहिली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच तिनं चहा गरम असताना प्यायला.

मग त्रिशलाचा, म्हणजे भावजयीचा फोन आला.

"वन्सं, तुमच्या हापिसात असलं काय काय कळतंय न्हवं? ते 'बुडीत'चं खरं हाय काय?"

"का गं?"

"का म्हंजे! ह्यांनी ऊसतोडणीवाल्यांना थांबा म्हणून सांगिटलंय." नागपूरच्या एका कंपनीला ऊसतोडणीचं यंत्र चालवायला शिकवणारा खेळ हवा होता, खुर्चीत बसून शिकायचा. सन्मतीसकट त्याच्या सगळ्या माणसांना तीन वर्षांचं काम देणार होते. उत्तर शनिवारपर्यंत द्यायचं होतं, नाहीतर ते दुसरीकडे जाणार. "दुसरं कायसुद्धा काम न्हाई हातात. दोघं जण सोडून जायच्या बेतात हुते, ते बी आता थांबल्यात. म्हणत्यात, 'बुडीत' येतंय. आणि वन्सं, हे रडले ओ. वाचलं आणि रडले. म्हणाले, तिथल्या कुणाला तरी माझी आठवण हाय."

"मला नाही माहीत गं," एवढंच पद्मजा बोलली. गुप्ततेच्या कागदावर तिची सही होती, आणि सहीपेक्षाही तिला लाज वाटत होती.

ती देवस्थळींच्या खोलीत गेली. "सर, कोरी फारच चढली तर? समजा सगळ्यांच्या वर गेली. तर मालक त्या स्टुडिओचा विचार करतील का?"

"करतील कसा? साखरेच्या गोळीनं ताप उतरला म्हणून कुणी गोळीचा कारखाना काढत नाही." ते खुर्चीत मागं रेलले. "आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मालकांना आता गेम काढायचीच घाई नाहीये. आकडे बघून त्यांचे डोळे फिरलेत. लोकांना गेम खेळताना जेवढी नाडी उडत नाही, तेवढी तो कोण करणार या वावड्यांनी उडतेय. तेवढा वेळ लोक त्यांच्याच साइटवर पडून असतात, जाहिराती बघतात. त्यांचं म्हणणं, अजून दोन वर्षं वावड्याच चालू ठेवा."

"आणि ते स्टुडिओ? जे वाट बघतायत ते?"

"वाट बघतील." देवस्थळींनी चष्मा काढून डोळे चोळले. "मीही वाट बघतोय, मॅडम, कुणीतरी मला इथून हाकलेल याची. जा, चहा घ्या."

पद्मजानं चहा घेतला नाही. शुक्रवारी रजा टाकली आणि एसटीत बसली. खिडकीतून वारा येत होता, पण तिला घाम फुटला होता. वाटेत तिनं दहा वेळा मनाशी वाक्यं जुळवली. वावडी लिहिताना कधी अडायचं नाही तिचं. हे सांगायला मात्र तोंडात शब्द येईना.

'पाणवठा' तंबाखूच्या एका जुन्या वखारीच्या माडीवर होता. जिना चढताना अजून तो उग्र वास येतो. वर गेली तर सगळे कामाला लागलेले. भिंतभर नव्या चित्रांची रांग होती. बुडालेला बाजार, बुडालेली शाळा. कुणी सांगितलं नव्हतं, दिलं नव्हतं, तरी यांनी दुसऱ्या भागाची तयारी सुरू करून टाकली होती.

"अक्का!" सन्मती उठून आला. चेहरा उजळलेला, दाढी वाढलेली. "न सांगता आलीस व्हय? बस, बस. त्रिशला, चहा टाक गं, अक्का आलीया."

"सन्मती, तुला 'बुडीत' मिळणार नाही," पद्मजा उभ्या उभ्याच म्हणाली. "ती बातमी खोटी आहे."

आयेशा मुजावर, त्याच्याकडे माणसांच्या हालचाली रेखाटणारी, ती टाळी वाजवून हसली. "झालं! नकार आला! सर, आता पक्कं झालं बघा."

आणि सगळे हसायलाच लागले. यांचंही चुकत नव्हतं. इतकी वर्षं हे लोक याच गप्पांवर वाढलेले. मालक कंपनीनं "आमचा असा काही विचार नाही" म्हटलं की पुढच्या महिन्यात नेमकं तेच जाहीर व्हायचं. नकार आला की पेढे वाटायचे, अशी यांची रीत पडून गेली होती. आणि इथं तर गेमवाल्यांचा मार्केट रिसर्च करणाऱ्या 'कानोसा'तली बाई जातीनं पुण्याहून नकार द्यायला आली होती.

"तुला बोलायची बंदी असंल, मला कळतंय," सन्मती मायेनं म्हणाला. "नगं सांगूस. तू आलीस, ह्यातच आलं सगळं."

"अरे बाबा, ऐक माझं! तुझं नाव यादीतच नव्हतं. ती कोरी आहे, नुसती तुलनेसाठी सोडलेली."

"बरं बरं. कोरी तर कोरी."

"सन्मती!" तिचा आवाज चढला. "ती मी लिहिलीय."

तो हसतच होता. मग तिनं त्याला घरातल्या एकेका माणसाची आठवण करून दिली. "विहिरीचं पाणी तुझ्या हातचं हे कुणाला ठाऊक आहे, सांग. नाव कुठं नाही. तुझ्याकडून लिहून घेतलं होतं. ज्यांनी काम दिलं ती कंपनी बुडाली. आईला सांगितलंस, ती गेली. त्रिशला तर लिहिणार नाही. मग राहिलं कोण?"

सन्मतीचं हसू एकदम गेलं नाही. हळूहळू गेलं. तो खुर्चीवर बसला आणि हाताकडे बघत राहिला. मनगटावरच्या पट्टीचा बारीक दिवा भराभर लुकलुकत होता. बाकीच्यांच्या हसण्यालाही एकेक करून खीळ बसली.

"'या वेळी असेल', हे तू लिहिलंस?"

"होय."

"म्हंजे बाहेर कुणालाच ठाऊक न्हाई."

"न्हाई रे," पद्मजा म्हणाली. पुण्यात इतकी वर्षं काढूनही तिच्या तोंडून घरचाच शब्द आला.

"मला वाटलं, त्यांच्यातल्या कुणाला तरी कळलं असंल. चुकलं आपलं, असं वाटलं असंल कुणाला तरी." "काम न्हाई मिळालं तर न्हाई मिळालं गं. काम मिळतंय, जातंय. पण ते कुणाला तरी ठाऊक हाय म्हणून मी आठवडाभर... तू कशाला लिहिलंस?"

"मला वाटलं, चढली तर तुला मिळेल."

"मिळणार हुतं?"

"नाही. मला ठाऊक होतं."

"तरी लिहिलंस."

"होय."

तो रडला. मोठा माणूस चारचौघांत रडतो तसा, तोंड फिरवून, आवाज न करता. आयेशा भिंतीकडे बघत उभी राहिली, तिचेही डोळे भरले होते. पद्मजाला त्याच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला, पण धीर झाला नाही. चहा घेऊन आलेल्या त्रिशलानं कप खाली ठेवले आणि फोन उचलून नवऱ्याच्या हातात दिला. "आजच सांगा त्यांना," एवढंच म्हणाली.

सन्मतीनं नाक पुसलं आणि नागपूरला फोन लावला. "हां सर, मगदूम बोलतोय. ऊसतोडणीचं आम्ही करतो. होय, सगळी माणसं आहेत. नाही, कोरडंच रान दाखवू, चिखलात यंत्र रुततंय, बरोबर आहे." फोन ठेवून तो भिंतीवरची चित्रं काढायला लागला. एकेक टाचणी उपसून बाजूला ठेवत होता. पद्मजानं मदत करायला हात पुढं केला तर म्हणाला, "राहू दे, अक्का." ती परतीच्या एसटीत बसली तेव्हा तो स्टँडवर आला नव्हता.

सोमवारी देवस्थळींनी तिला बोलावलं. पडद्यावरच्या नकाशात जयसिंगपूर लाल झालं होतं. "तुमची कोरी बघा हो! शुक्रवारी दुपारी काय उडी आहे! मोजकीच मनगटं, पण असली उडी चारही बड्या नावांना नाही. मालक खूष आहेत. काय केलंत?"

"ती उत्कंठा नाही, सर."

"मग काय?"

"तो माझा भाऊ आहे. मी जाऊन त्याला खरं सांगितलं. ती उडी त्याची आहे, त्याच्या माणसांची आहे."

देवस्थळींनी उठून दार लावून घेतलं. "यंत्राला नाडी कळते, मॅडम. आनंदानं उडाली की दुःखानं, हे नाही कळत. मी मालकांना हे किती वेळा लिहिलं. ते म्हणतात, उडाली ना, मग झालं." त्यांनी पडद्याकडे पाठ केली. "तुम्ही सांगितलंत ते मी ऐकलं नाही. पण त्यांना 'पाणवठ्या'ची पुढची वावडी हवीय. संध्याकाळपर्यंत एक शेवटची द्या, मग 'पाणवठ्या'चं प्रकरण मी मिटवून टाकतो. तेवढंच माझ्या हातात आहे."

टेबलावर येऊन ती नुसती बसून राहिली. नोकरी सोडावी असं तिच्या मनात आलं, पण ते रोजच यायचं. मग फोन वाजला. सन्मती होता.

"अक्का, रागावलोय मी अजून."

"रागाव."

"एक मागू? आम्ही न्हाई म्हटलं, असं लिही. त्यांनी 'पाणवठ्या'ला विचारलं हुतं आणि आम्हीच न्हाई म्हटलं. हितं पेठेत सगळ्यांना कळलंय, पोरांना लोक विचारालेत. आयेशाच्या वडलांनी तर मशिदीत सांगून ठेवलंवतं."

"खोटं आहे रे ते."

"असू दे की. एक आमच्यासाठी लिही."

पद्मजानं फोन ठेवला आणि लिहायला घेतलं. वावडीत कुणा माणसाचं नाव घालायचं नाही, असा 'कानोसा'चा सगळ्यात जुना नियम होता. नाव आलं की बातमी अर्धवट राहत नाही, ती पक्की होते आणि नाड्या बसतात. हे तिला ठाऊक होतं. तिनं लिहिलं आणि साहेबांना न दाखवता सोडून दिलं.

संध्याकाळी ती घरी जाऊन आडवी पडली होती तेव्हा पुन्हा फोन आला. मागं पोरांचा गलका ऐकू येत होता.

"अक्का, काय आलंय बघितलंस काय?" सन्मती जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता. "ऐक, वाचून दाखवतो. 'जयसिंगपूरच्या पाणवठ्यानं बुडीतचा दुसरा भाग करायला नकार दिल्याचं समजतं. पहिल्या भागातल्या विहिरीचं पाणी ज्यांनी केलं, ते...'"

तो अडला. गलकाही थांबला.

पद्मजा उठून बसली. "पुढं वाच," ती म्हणाली.

"'ते सन्मती मगदूम,'" त्यानं वाचलं, आणि मग हलक्या आवाजात पुन्हा एकदा वाचलं.